हीटर गार पडला तर...

बीड जिल्ह्यात गाडीला हीटर कशाला लागतो, असं तुम्ही म्हणाल. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, तेव्हा बरोबरच आहे. पण डिसेंबरच्या रात्री मांजरसुंब्याचा घाट चढलेला माणूस असं म्हणणार नाही.

मागच्या डिसेंबरात काकांच्या जुन्या गाडीतून आम्ही बीडहून अंबाजोगाईला निघालो होतो. पालीपर्यंत हीटर झकास. घाट लागला अन् गार वारं यायला लागलं. काका म्हणाले, "बंद कर रे ते." मी बंद केलं. माथ्यावर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ!

गाडीच्या हीटरमध्ये विजेची कॉइल असते असा माझाही समज होता. (थर्मोडायनॅमिक्सचा पेपर सुटला होता, तरीही!) तशी कॉइल नसते. इंजिनमधलं तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. म्हणजे इंजिनची वाया जाणारी उष्णता. कूलंट कमी झालं की या छोट्या रेडिएटरमध्ये हवा जमते, बोअरची मोटार हवा धरते ना, तसंच. म्हणून हीटर आधी गार पडतो आणि इंजिन नंतर तापतं. काट्यावर फार विसंबू नका. सेन्सरपाशी पाणीच उरलं नाही, तर काटा खाली येऊन फसवतो.

तपासायचं कसं? आधी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत कुकरसारखा दाब असतो, हात भाजलाच समजा. पातळी ठीक असेल तर इंजिन गरम करून बंद करा आणि हीटरकडे जाणारे दोन होज पाईप जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय, दोष गरम-गार हवा बदलणाऱ्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. एक गरम, एक गार असेल तर हीटर चोक झालाय किंवा त्याचा वॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट आणि काटाही वर चढत नसेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला हवा.

चोक होण्याचं कारण पाहायचं असेल तर हॉस्टेलवरचा पाणी तापवायचा रॉड बघा. त्यावरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास हेच पाणी ओततात. रेडिएटर बिचारा सोसतो, हीटरच्या बारीक नळ्या नाही सोसत.

आमची भानगड निघाली दोन रुपयांची. हीटरच्या होजची क्लिप सैल झाली होती आणि पाणी थेंबथेंब गळत होतं. अर्धा तास थंडीत कुडकुडत इंजिन गार होऊ दिलं, क्लिप आवळली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि हळूहळू घर गाठलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी सगळं पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. मग झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर. बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही तिघंही रेडिएटरमध्ये डोकावत उभे.

काका आता डिकीत कूलंटचा डबा ठेवतात. बोअरच्या पाण्याची बाटलीही असते, पण ती काच पुसायला.