पॅनलच्या मागचं विमान

कांदिवलीच्या चारकोपमधल्या एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. पुढच्या वर्षी 'व्हीटी-एनएमडी' या नावानं त्याची नोंदणी झाली. त्याचा आराखडाही यादवांचाच. अमेरिकेत मात्र बरेच हौशी लोक सुट्या भागांचा संच मागवून घरच्या गॅरेजात विमान जोडतात. अट एवढीच की निम्म्याहून जास्त काम हौशी मंडळींनी स्वतः केलेलं असावं.

अशा विमानात कॉकपिटला आतून पॅनल बसवणं म्हणजे निव्वळ सजावट वाटते. पण त्या पातळ पत्र्यामागे काय काय असतं! शेपटीकडे जाणाऱ्या केबल, पुल्या, दांडे, वायरींचे जुडगे, कुठे इंधनाची नळी. दरवर्षीच्या तपासणीत हे सगळं डोळ्यांनी पाहावं लागतं, म्हणून पॅनल काढता आलंच पाहिजे. मागे हात पोचत नाही, तिथे नट आधीच सांगाड्याला रिवेटनं पक्के केलेले असतात. स्क्रू समोरूनच फिरवायचा.

पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना लावून बघतात. विमान नियंत्रित करायची स्टिक पार टोकापर्यंत चारही बाजूंना फिरवायची, कुठेही घासता कामा नये. आणि काम करताना एखादा स्क्रू निसटून फरशीखाली गेला, तर तो सापडेपर्यंत पुढचं काम थांबवायचं. हवेत विमान हिंदकळलं की तोच स्क्रू घरंगळत पुलीत अडकू शकतो, आणि मग स्टिक हलत नाही.

मला सगळ्यात थक्क करतो तो होकायंत्राचा हळवेपणा. शेजारच्या पॅनलला पोलादी स्क्रू लावला तर त्याच्या चुंबकत्वानं दिशा चुकते! म्हणून तिथे पितळी स्क्रू. तरीही शेवटी विमान एकेका दिशेला तोंड करून उभं करतात, किती अंशांचा फरक पडतो ते टिपतात आणि ते कार्ड वैमानिकासमोर लावतात.

पॅनल, फोम, गालिचा बसला की वजन वाढतं, आणि ते कुठे वाढलं हेही महत्त्वाचं. शेपटीच्या बाजूला जास्त भार गेला तर विमान हवेत डळमळीत होतं. म्हणून आतली सजावट पुरी झाल्यावर तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून गुरुत्वमध्य काढतात. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाला, तर सुंदर बसलेली पॅनलंही पुन्हा उतरवावी लागतात.