रक्तगट, घराणे आणि लकवा

“वडिलांना लकवा झाला, थोरल्या भावालाही झाला, आता माझी पाळी का?” हा प्रश्न औशातील ज्येष्ठ मंडळी मला वारंवार विचारतात. हल्ली त्याला पुरवणी जोडली जाते: “माझा रक्तगट ए आहे, म्हणजे धोका जास्त ना?” मोबाइलवरून आलेल्या या माहितीत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती नीट समजून घेतली पाहिजे.

रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचे नाव व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. रक्तवाहिनीला इजा झाली की ते प्लेटलेट पेशींना तेथे चिकटविते; शिवाय फॅक्टर आठ हे दुसरे गोठण-प्रथिन सांभाळून वाहून नेते. आपला ए, बी, ओ गट ठरविणारे जनुक केवळ तांबड्या पेशींवर खूण करीत नाही, तर या प्रथिनावरही शर्करेचे कण चढविते. ओ गटात हे शेवटचे कण चढत नाहीत आणि असे प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होते. त्यामुळे ए, बी व एबी गटांत त्याचे प्रमाण ओ गटापेक्षा सरासरी 25 टक्क्यांच्या आसपास अधिक असते.

या शोधाचा एक दुवा आपल्या मुंबईत आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ हा दुर्मिळ रक्तगट जगापुढे मांडला. ओ गटात असते ती पायाभूत शर्कराही या व्यक्तींत नसते. सुमारे अर्धशतकानंतर अशा व्यक्तींचे रक्त तपासले गेले, तेव्हा हे प्रथिन ओ गटाहूनही कमी आढळले. रक्तगट आणि गोठण यांचे नाते त्यातून अधिक पक्के झाले.

मग लकव्याचे काय? 2022 मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहण्यात आले. साठीच्या आत गुठळीमुळे होणाऱ्या लकव्याचा धोका ए गटाच्या एका प्रकारात सुमारे 16 टक्क्यांनी अधिक, तर ओ गटात सुमारे 12 टक्क्यांनी कमी दिसला. साठीनंतर हा फरक फारच क्षीण झाला. म्हणजे आपण सत्तरी ओलांडली असेल, तर रक्तगटाच्या चिंतेने झोप घालविण्याचे कारण नाही.

मला खरी काळजी वाटते ती ओ गटाच्या निर्धास्त मंडळींची. “आमचे रक्त पातळ” म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. वाढलेला रक्तदाब गुठळीचा लकवा आणतो, तसा मेंदूत रक्तस्राव होऊनही लकवा आणतो. भारतासह 32 देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात लकव्याच्या जवळजवळ निम्म्या धोक्याचा संबंध एकट्या रक्तदाबाशी आढळला. घराण्यात जनुकांबरोबर लोणच्याची बरणी आणि तंबाखूची चंचीही वारशाने येते, हे विसरून कसे चालेल?

ए गट आहे म्हणून आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका; रक्तस्रावाचा धोका वाढतो. सरसकट जनुक तपासणीचीही गरज नाही. मात्र घरात कोणाला तरुणपणी लकवा झाला असेल, पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाडी अनियमित लागत असल्यास ईसीजी काढून घ्या.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांसाठी: तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर तेलमालिशीत वेळ न दवडता 108 क्रमांकावर फोन करा. औशाहून लातूर जेमतेम 20 किलोमीटर. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच देता येते. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट न्या. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहा, चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते दारातच सांगा.