वाळूतली अंगठी कशी सापडते?

सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीस पट, वाळूच्या कणाची जेमतेम अडीच-पावणेतीन पट. म्हणूनच लाटांनी ढवळलेल्या वाळूत निसटलेली अंगठी वर राहत नाही. खालच्या घट्ट थरापर्यंत उतरत जाते. वादळाने वरची वाळू ओढून नेली, की जाणकार शोधकर्ते धातुशोधक घेऊन किनारा गाठतात.

यंत्राच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या बदलत्या विद्युतप्रवाहामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करतं आणि त्या प्रवाहांचं क्षीण चुंबकीय क्षेत्र यंत्राला पकडता येतं.

१८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं यंत्र वापरलं. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला, शिवाय डॉक्टरांनी शोधू दिलं ते फक्त उजव्या बाजूला. गोळी होती डावीकडे!

किनाऱ्यावर गोंधळ घालतं ते मीठ. खारं पाणी वीजवाहक असल्याने साध्या यंत्राला ओली वाळूही धातूसारखी भासते. यावर स्पंद-यंत्राचा उपाय खरोखर सुंदर आहे. ते क्षणभर स्पंद सोडतं, थांबतं आणि मग ऐकतं. खाऱ्या पाण्यातले प्रवाह लगेच विरतात, अंगठीतले थोडे अधिक टिकतात.

रत्नागिरीच्या काळ्या वाळूत मात्र मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट असतात. अशा चुंबकीय खनिजांमुळे बऱ्याच यंत्रांची संवेदनक्षमता कमी ठेवावी लागते, आणि खोलवरची अंगठी हुकू शकते.