शेतकी पदवीधर आणि इंटरनेटवरील नोकरीचा शोध

शेतकऱ्याच्या मुलानें अगर मुलीनें शेतकीची पदवी संपादन केल्यापासून योग्य नोकरी लागेपर्यंत जो काळ लोटतो, त्याचा भार बहुधा घरच्या शेतावरच पडतो. बियाणें व खत यांसाठीं राखून ठेविलेली रक्कम शहरांतील खोलीच्या भाड्याकडे वळते, आणि एकामागून एक हंगाम निघून जातात. म्हणून हा शोध एकट्या उमेदवाराचा नसून सबंध कुटुंबाचा आहे. हल्लीं तो मुख्यतः इंटरनेटवर चालतो. तेथें शोधावें कसें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचें बंधन घालणारा कायदा १९५९ सालीं झाला. केंद्र शासनाचें ‘रोजगार समाचार’ साप्ताहिक १९७६ पासून निघूं लागलें. त्या काळीं जाहिराती थोड्या असत व उमेदवार त्या साऱ्या वाचूं शके. पुढें १९९७ सालीं ‘नौकरी डॉट कॉम’ निघालें, २०१५ सालीं केंद्राची ‘राष्ट्रीय करिअर सेवा’ सुरू झाली, आणि राज्य शासनाचें ‘महास्वयम्’ही आतां आहे. आज जाहिराती इतक्या आहेत कीं त्या सर्व वाचणें कोणासही शक्य नाहीं. त्यांतून निवड यंत्र करतें. आणि यंत्र मुख्यत्वें शब्द जुळवून पाहतें. आपले शब्द जाहिरातीच्या शब्दांशीं जुळले नाहींत, तर जागा असूनही ती दिसत नाहीं. आमच्या मतें बहुतेकांची निराशा येथेंच सुरू होते.

‘ॲग्रिकल्चर’ एवढाच शब्द घातला असतां ट्रॅक्टरविक्रीपासून हिशेबनिसापर्यंत सर्व जागा समोर येतात, आणि नेमकी हवी ती मागें राहते. मालक आपल्या जागेस जें नांव देतो, तें आधीं शिकलें पाहिजे. साखर कारखान्यांत ‘शेतकी अधिकारी’ किंवा ‘ऊस विकास अधिकारी’ असतो. कृषि विज्ञान केंद्रांत ‘विषय विशेषज्ञ’. बियाण्यांच्या कंपनींत ‘सीड प्रॉडक्शन ऑफिसर’. औषधें व खतें विकणाऱ्या कंपन्यांत ‘सेल्स ऑफिसर’ किंवा ‘टेरिटरी मॅनेजर’. निर्यातदाराकडे ‘ॲग्रोनॉमिस्ट’ किंवा ‘क्वालिटी कंट्रोल’. शेतकरी उत्पादक कंपन्यांस व्यवस्थापक लागतो, त्याची जाहिरात ‘सीईओ’ या नांवानें येते. सुमारें वीस जाहिराती सावकाश वाचाव्या व त्यांतील पदनामें आणि कामाचे शब्द एका वहींत उतरून घ्यावे. त्या वहीवांचून शोधास बसणें म्हणजे वापसा न पाहतां पाभर जुंपणें होय.

शब्द हातीं आल्यावर चाळणीचा उपयोग करावा. दोन-तीन शब्दांचें पदनाम दुहेरी अवतरणचिन्हांत घातलें म्हणजे तो शब्दसमूह जसाच्या तसा शोधिला जातो. नको असलेल्या शब्दामागें जागा न सोडतां वजाबाकीचें चिन्ह दिलें, तर त्या शब्दाच्या जाहिराती वगळल्या जातात. या खुणा सामान्य शोधयंत्रांत चालतात; नोकरीच्या सर्वच संकेतस्थळांवर मात्र चालत नाहींत, म्हणून करून पाहाव्या. जिल्हा, अनुभवाचीं वर्षें व जाहिरातीची तारीख यांचे पर्याय बहुतेक ठिकाणीं असतात. तारखेचा पर्याय विशेष महत्त्वाचा, कारण जुन्या जाहिरातीस केलेला अर्ज वायां जातो. मात्र प्रथमच चाळण फार बारीक करूं नये. एकही जाहिरात न आली, तर जिल्ह्याऐवजीं राज्य घालून पाहावें. योग्य शब्द सांपडले कीं त्यांवर ‘अलर्ट’ लावून ठेवावा, म्हणजे नव्या जाहिराती आपण होऊन ई-मेलनें येतात.

तथापि सर्व जागा या संकेतस्थळांवर येत नाहींत. राष्ट्रीयीकृत बँकांतील कृषि क्षेत्र अधिकाऱ्यांची निवड ‘आयबीपीएस’ करते. महाराष्ट्र कृषि सेवेची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो. संशोधकांची निवड १९७३ सालीं स्थापन झालेलें कृषि वैज्ञानिक निवड मंडळ करतें. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील विद्यापीठें आपल्या जाहिराती स्वतःच्या संकेतस्थळांवर देतात. कृषि विज्ञान केंद्रांपैकीं कांहीं विद्यापीठांकडे, तर कांहीं खासगी संस्थांकडे आहेत. तेव्हां ज्या संस्थेचें केंद्र, तिचें संकेतस्थळ पाहावें. अशा दहा-बारा मूळ स्थळांची यादी करून आठवड्यांतून एक दिवस ती पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

शोध दोन्ही बाजूंनीं चालतो, हेंही ध्यानांत असावें; मालकही उमेदवारांचीं माहितीपत्रें शब्दांनींच शोधतो. पदवीच्या शेवटच्या वर्षीं खेड्यांत राहून केलेला ग्रामीण कार्यानुभव, माती परीक्षण, ठिबकची मांडणी, घरच्या द्राक्षबागेची छाटणी, हें सारें पुष्कळ मुलें लिहीतच नाहींत. तें खरें असेल तितकें, जाहिरातीच्याच शब्दांत लिहावें. न केलेलें काम लिहूं नये.

आतां एक इशारा. नोकरी देणारा पगार देतो, तो अनामत, प्रशिक्षणशुल्क किंवा लॅपटॉपचे पैसे मागत नाहीं. सरकारी परीक्षांचें शुल्क असतें, पण तें त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच भरावयाचें असतें. संशय येतांच कंपनीच्या मूळ स्थळावर ती जागा आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता अधिक.

वडील मंडळींसही आमची विनंति आहे. मुलगा दिवसभर मोबाइल घेऊन बसला म्हणजे रिकामाच आहे असें मानूं नये. तसेंच तो शोधतच आहे असेंही गृहीत धरूं नये. आठवड्याच्या शेवटीं त्याची वही मागावी, व कोणते शब्द घातले, कोठें अर्ज केला, काय उत्तर आलें, हें त्याच्याबरोबर बसून पाहावें. शेताचा जमाखर्च जसा लिहिल्यावांचून कळत नाहीं, तसाच हा शोधही लिहिल्यावांचून सुधारत नाहीं.