मोफत ऑपरेशनचं शिबिर : टेबलावरचा एक तास आणि त्यामागची महिन्यांची तयारी

‘मोफत शस्त्रक्रिया शिबिर’ असा मेसेज गावच्या ग्रुपवर आला की लोक आधी तारीख बघतात. पण ऑपरेशन नीट होणार की नाही, हे त्या तारखेच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. डॉक्टर एक रुपया न घेता येतात, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र नुसत्या चांगल्या मनानं काम भागत नाही.

१९८२ साली अमेरिकेतलं एक डॉक्टर पथक फिलिपिन्समधल्या नागा शहरात दुभंगलेल्या ओठांची ऑपरेशनं करायला गेलं. आली सुमारे ३०० कुटुंबं, ऑपरेशनं झाली जेमतेम ४० मुलांची. बाकीच्यांना तसंच परतावं लागलं. त्यातूनच पुढे ‘ऑपरेशन स्माइल’ ही संस्था उभी राहिली.

आपल्याकडे १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ निघाली. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून रेल्वेच्या डब्यातच ऑपरेशन थिएटर उभारलं. गाडी एखाद्या स्टेशनात काही आठवडे मुक्काम करते. मोतीबिंदू, कान, दुभंगलेला ओठ, पोलिओमुळे वाकडे झालेले पाय यांवर स्वयंसेवक डॉक्टर उपचार करतात. थिएटरच सोबत असल्यानं शाळेच्या खोलीत टेबल मांडायची वेळ येत नाही.

आधी काय लागतं?

पहिलं काम तपासणीचं. बाळाचा दुभंगलेला ओठ शिवायचा तर डॉक्टर साधारण १० आठवडे वय, साडेचार किलो वजन आणि १० हिमोग्लोबिन बघतात. टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास होतं. तपासणी आधी झाली तर कमी वजनाच्या बाळाला दूध कसं पाजायचं, हे आईला शिकवता येतं. ऐन दिवशी वजन केलं तर ‘पुढच्या वेळी या’ एवढंच ऐकायला मिळतं.

दुसरं, जागा आणि सामान. भूल देणारा डॉक्टर, ऑक्सिजन, निर्जंतुक केलेली हत्यारं, लाईट गेली तर जनरेटर आणि गरज पडली तर रक्त. यातलं एक जरी नसेल तरी थांबलेलं बरं.

तिसरं, आकडा. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात कुटुंब नियोजनाच्या सरकारी शिबिरात एकाच डॉक्टरनं काही तासांत ८३ महिलांची ऑपरेशनं केली. त्यानंतर डझनभर महिला दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नसबंदीची अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. किती ऑपरेशनं केली, यापेक्षा किती जण धडधाकट घरी गेले, हा खरा हिशोब.

डॉक्टर गेल्यावर कोण?

खरी अडचण इथंच येते. मोतीबिंदूनंतर चार ते सहा आठवडे डोळ्यात थेंब टाकावे लागतात. डोळा लाल झाला, ठणकला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. टाळू शिवलेल्या मुलाला पुढं बोलायला शिकवावं लागतं. पाहुणे डॉक्टर तर गाडीत बसून गेलेले असतात. म्हणून चांगलं पथक स्थानिक दवाखान्याशी आधीच बोलून ठेवतं. तारीखसुद्धा पेरणी-सोंगणी, ऊसतोडीचा हंगाम बघून धरावी लागते, नाहीतर फेरतपासणीला कोणी येतच नाही.

नाव नोंदवण्याआधी हे विचारा

- ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात होणार?
- भूल कोण देणार?
- आधी रक्त, बीपी, शुगर तपासणार का?
- किती तास उपाशी राहायचं?
- फेरतपासणी कधी आणि कुठं?
- रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?
- कागदपत्रं आपल्याला मिळणार का?

शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका. ‘नाव कापतील’ या भीतीनं खोटं सांगणं जिवावर बेतू शकतं.

शिबिरात नंबर लागला नाही म्हणून खचू नका. जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. पथक कधी येणार, ते आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.