इजिप्तच्या दफनभूमींत उलगडला ममीकरणाचा इतिहास

ममी म्हटले की पिरॅमिड, सोन्याचे मुखवटे आणि फॅरो राजे डोळ्यांसमोर येतात. मात्र मृतदेह टिकवण्याची प्रथा पिरॅमिडांहूनही जुनी होती आणि ती सर्वांच्या वाट्याला येत नव्हती, असे नाईलकाठच्या दफनभूमींतील पुराव्यांवरून दिसून येते.

इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकात मृतदेह वाळूतील उथळ खड्ड्यात, गुडघे पोटाशी घेतलेल्या स्थितीत पुरले जात. सोबत मातीची भांडी आणि मणी ठेवले जात. उष्ण, कोरडी वाळू शरीरातील ओलावा शोषून घेई आणि देह आपोआप टिकून राही. कृत्रिम ममीकरण त्यानंतर खूप उशिरा, इ.स.पू. २६०० च्या सुमारास सुरू झाले, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. बदारी व मोस्तगेद्दा येथील कबरींत मृतदेहांभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या रासायनिक तपासणीत राळ, वनस्पतींचे सुगंधी अर्क आणि चरबी यांचे मिश्रण आढळले. यातील सर्वांत जुने कापड सहा हजार वर्षांहून अधिक जुने आहे.

पुढे ही प्रक्रिया शास्त्रशुद्ध झाली. आतडी, यकृत, फुप्फुसे व जठर बाहेर काढले जाई. हृदय मात्र सहसा शरीरातच ठेवत. नेट्रॉन या नैसर्गिक क्षाराने देह सुकवून तो लिननच्या पट्ट्यांत गुंडाळला जाई. सक्कारा येथे सापडलेल्या, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांतील ममीकरणाच्या कार्यशाळेतील भांड्यांवर द्रव्यांची नावे आणि वापराच्या सूचनाही लिहिलेल्या आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, त्यांतील काही राळ थेट आग्नेय आशियातील जंगलांतून आली होती. मृतांच्या सेवेसाठी व्यापार किती दूरवर पोहोचला होता, याची यावरून कल्पना येते.

सामान्यांचे चित्र मात्र वेगळे होते. इ.स.पू. चौदाव्या शतकात राजा अखेनातेनने वसवलेल्या अमार्ना नगरीच्या सार्वजनिक दफनभूमीत बहुसंख्य मृतदेह कापडात व चटईत गुंडाळून पुरलेले आढळले. त्यांवर ममीकरणाच्या खुणा नाहीत. अनेकांच्या मणक्यांवर मात्र कष्टाच्या खुणा आहेत. मृत्यूनंतरच्या जीवनावरील श्रद्धा सर्वांची होती, परंतु त्यासाठी देह टिकवण्याचा खर्च मोजक्यांनाच परवडत होता.