गाईची दाढ आणि ७ हजार वर्षांपूर्वीचा पाऊस

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आणि सुरुवात एका कबुलीने करतो. हडप्पावरच्या जुन्या भागात मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "पाऊस आटला, संस्कृती संपली, विषय संपला." त्यावर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, पण पाऊस आटला हे कळलं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. शोधत गेलो, तर पोचलो थेट गाईच्या दाढेपाशी.

आधी शाळेतलं थोडं आठवूया. पाण्यात ऑक्सिजन असतो. त्यातला बहुतेक ऑक्सिजन-१६ म्हणजे हलका, आणि साधारण ५०० अणूंमागे एक ऑक्सिजन-१८, म्हणजे जड. ढगातून पाऊस पडताना जड ऑक्सिजन आधी खाली येतो, त्यामुळे मागे उरलेली वाफ हलकी होत जाते. म्हणून धो-धो पावसाळ्याचं पाणी एकूण हलकं निघतं. पाऊस कमी पडला की पाणी तुलनेने जड, आणि तळ्यातलं बाष्पीभवन वाढलं की आणखी जड.

आता हे पाणी गाय पिते. तिचं शरीर कायम एकाच तापमानाला असतं, म्हणजे तापमानाचा घोळ मध्ये येत नाही. दाढ घडताना त्याच पाण्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये पक्का बसतो. हाड आयुष्यभर झिजतं, पुन्हा भरतं. दाढेवरचं इनॅमल मात्र एकदा तयार झालं की बदलत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हाड म्हणजे सतत अपडेट होणारा डेटाबेस, आणि इनॅमल म्हणजे फक्त वाचता येणारी लॉग फाइल. एक दाढ घडायला साधारण वर्ष लागतं, त्यामुळे वरपासून मुळापर्यंत बारीक बारीक नमुने घेतले तर पावसाळा आणि उन्हाळासुद्धा वेगळे दिसू शकतात.

एक मेख आहे. गाईला पाणी प्यावंच लागतं. हरणांच्या काही जाती मात्र बरंचसं पाणी पाल्यातूनच मिळवतात, आणि पानातलं पाणी उन्हात आटून जड झालेलं असतं. म्हणून दाढ कुणाची, हे आधी ओळखावं लागतं. हे काम प्राण्यांची हाडं ओळखणाऱ्या पुरातत्त्वज्ञांचं.

आता हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यातल्या भिर्राणाला चला. तिथे एकाच खड्ड्यात हडप्पा संस्कृतीचे सगळे थर एकावर एक सापडले. आयआयटी खरगपूरचे अनिंद्य सरकार, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या आरती देशपांडे-मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरांमधल्या प्राण्यांच्या दातांचा आणि हाडांचा ऑक्सिजन मोजला. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आजपासून ९ ते ७ हजार वर्षांपूर्वी मान्सून जोरदार होता, आणि त्यानंतर तो सतत कमी होत गेला.

इथेच माझं वाक्य कोसळलं. हडप्पाची मोठी शहरं बहरली साधारण ४,६०० वर्षांपूर्वी. म्हणजे पाऊस दोन हजारांहून जास्त वर्षं ओसरत होता, आणि तरीही शहरं उभी राहिली! या संशोधकांच्या मते लोकांनी पीक बदललं. गहू-जव यांच्याऐवजी कमी पावसावर येणारी बाजरीवर्गातली भरड धान्यं आणि भात आले. मग मोठ्या कोठारांची गरज उरली नाही, माणसं लहान वस्त्यांमध्ये पांगली.

यावर वाद आहे बरं का. हरियाणातल्याच कोटला डहर या जुन्या तळ्यातल्या गोगलगायींच्या शंखांमधला ऑक्सिजन २०१४ साली वेगळं सांगून गेला: साधारण ४,१०० वर्षांपूर्वी मान्सून अचानक ढासळला. मोजमाप ऑक्सिजनचंच, पण गोष्ट वेगळी.

सर्व्हर पडला की आम्ही पहिलं बोट शेवटच्या बदलाकडे दाखवतो, आणि बऱ्याचदा चुकतो. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. मी हडप्पाबाबत नेमकं तेच केलं होतं. म्हणून जुना भाग काढत नाहीये, त्याखाली ही दुरुस्ती जोडतोय. दाढ आपल्याला पाऊस सांगते. त्या पावसात माणसांनी काय केलं, ते धान्य, कोठारं आणि घरं बघूनच कळतं.